‘जवानांना सवय असते’ म्हणे!

कुठे दरड कोसळली, आग लागली की एक मजकूर हमखास फिरतो: ‘अग्निशमन दलाच्या, एनडीआरएफच्या जवानांना मृतदेहांची सवय असते. समुपदेशन हे शहरी लाड. मित्रांसोबत बसला, दोन पेग घेतले की गडी मोकळा.’ खाली तिरंगा.

सवय होते ती कामाची. शिडी लावण्याची, होज ओढण्याची. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ता नाही, यंत्रं चढेनात, भर पावसात कुदळ-फावड्यानं उकरावं लागलं. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते, ५७ जण बेपत्ताच राहिले. मातीखाली माणसं आहेत हे ठाऊक असताना डोंगर उतरायचा, याची तालीम कुठल्या प्रशिक्षण केंद्रात देतात? असे प्रसंग विरत नाहीत, साठतात. म्हणून वीस वर्षं नोकरी झालेला तांडेलही (अग्निशमन दलातला तुकडीचा म्होरक्या) आगीच्या एखाद्या साध्या कॉलनंतर कोलमडू शकतो.

लाड म्हणाल, तर ‘ट्रिम’ (ट्रॉमा रिस्क मॅनेजमेंट) ही विचारपुशीची पद्धत ब्रिटनच्या रॉयल मरीन्स या नौदलाच्या कमांडो दलात घडली. ते काही नाजूक लोक नव्हेत. तुकडीतलाच प्रशिक्षित सहकारी प्रसंगानंतर तीनेक दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभरानं विचारपूस करतो: झोप लागते का, चिडचिड वाढली का, पिणं वाढलं का. उपचार तो करत नाही. गरज दिसली तर तज्ज्ञाकडे पाठवतो.

पेगांच्या वाक्यात ‘मित्रांसोबत बसला’ एवढं खरं आहे. आपल्यातल्या माणसापाशी जीभ सुटते. दारूनं मात्र डोळा लागतो आणि झोप मध्यरात्री मोडते. साहेबलोकांचा उलटा उत्साहही तितकाच फसवा, बरं का. घटनेनंतर एकेकाला समोर बसवून एकदाच ‘बोला’ म्हटल्यानं पुढचा आजार टळत नाही, असं वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात दिसलं. काहींचा त्रास वाढल्याच्याही नोंदी त्यात आहेत.

आणि जवान गप्प राहतो तो केवळ मर्दानगीपायी नाही. ‘बंबावरून उतरवतील, बढती अडेल’ ही भीती असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नं उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन घातलंय. विचारपूस करणाऱ्या सहकाऱ्यासाठी तसा नियम दलानंच करायला हवा, आणि यातलं काही सेवापुस्तकात चढणार नाही, हे लेखी द्यायला हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.