चूर्ण पाजून निजवू नका

सध्या लातूर-धाराशिवकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ओवा, हिंग, काळं मीठ आणि खायचा सोडा यांचं चूर्ण रोज उपाशीपोटी घ्या, गॅस मुळापासून जातो, तान्ह्या बाळालाही चालतं. आणि खाली, 'छातीत दुखलं तर शंभरात नव्वद वेळा गॅसच असतो, ईसीजीच्या नादी लागू नका.' परवा मामांना छातीत दडपल्यासारखं झालं, तर मामींनी हेच पाजून त्यांना निजवलं. मामांना जुनी शुगर. ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी, तो नॉर्मल आला, आणि मामी आता मलाच सुनावतात, "म्हणलं नव्हतं का, गॅसच हाय!"

नशीब म्हणायचं. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की पोटाच्या वरच्या बाजूला दुखतं, मळमळतं, ढेकरही येतात. शुगरवाल्यांना कित्येकदा कळ जाणवतच नाही, नुसता घाम आणि धाप. ढेकर येऊन मोकळं वाटलं म्हणजे हृदय ठीक, असं कुणी सांगितलं? अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे छातीत दुखणारा माणूस दवाखान्यात पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढून तपासायचा असतो. आपण रात्रभर चूर्णाचा गुण बघत बसतो! तो 'नव्वद'चा आकडा कुठला, हे मेसेजमध्ये नाहीच. दरदरून घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणं असेल तर आधी 108 लावा.

सोड्याचं म्हणाल तर एका छोट्या चमच्यात सव्वा ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून 2 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. चूर्णात सोडा कमी धरला तरी काळं मीठ आहेच, आणि तेही मीठच. बीपीच्या माणसाने हे रोज घ्यायचं?

बाळाच्या पोटावर हिंगाचा लेप लावणं वेगळं, पोटात देणं वेगळं. तान्ह्याला मुळीच देऊ नका.

बरं, ओव्याला गुण नाही असं मी म्हणत नाही. येळवशीची (वेळ अमावस्येची) डाळी-भाज्यांची भज्जी चापून पोट तट्ट झालं की चिमूटभर ओवा चावून मीही वर गरम पाणी पितो, आराम पडतो. पण 'मुळापासून'? तुरी-हरभऱ्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि वारा धरतो. पुन्हा वरण खाल्लं की पुन्हा धरणार. हरभरा रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर थोडा फरक पडतो. रोजच पोट फुगत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र डॉक्टरकडेच जा.