डबेवाल्यांच्या नावावर राखीव माणूस कापू नका

महिन्या-दोन महिन्यांनी हा फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन आदळतोच. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच. मुंबईचे डबेवाले अंगठेबहाद्दर. त्यांना ना जॉब डिस्क्रिप्शन, ना ट्रेनिंग, ना मॅनेजर. तरी एक कोटी साठ लाख डब्यांत एखादीच चूक. फोर्ब्जने सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ बिनचूक कामाचं बिरुद दिलं, प्रिन्स चार्ल्स भेटून गेले. हे सगळं कशाच्या जोरावर? निष्ठेच्या! आणि मग शेवटचा टोला: एचआरवाल्यांनी कामाचं विश्लेषण, कामाची पुनर्रचना असले कागदी घोडे नाचवणं बंद करावं, माणसं मनापासून राबली की सगळं आपोआप होतं.

हा मजकूर सर्वांत उत्साहाने पुढे ढकलणारे बहुधा साहेबलोक असतात, हे लक्षात घ्या. आणि वरवर कौतुक वाटलं, तरी डबेवाल्यांचं डोकं नाकारून फक्त पाय आणि श्रद्धा तेवढी त्यांच्या पदरात टाकलेली आहे.

आधी सिक्स सिग्माचं उरकून टाकू. प्रिन्स चार्ल्स २००३ साली चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, हे खरं. फोर्ब्जमध्ये १९९८ साली लेख आला, हेही खरं. पण त्या लेखात सिक्स सिग्मा हा शब्दच नव्हता, असं प्रमाणपत्र फोर्ब्जने दिलेलं नाही, आणि हा खुलासा लेखकाने स्वतःच नंतर केला आहे. चुका क्वचितच होतात, एवढं संघटनेच्या प्रमुखांचं सांगणं होतं; त्यावरून कोटीतला आकडा निघाला आणि तो दशमलवासकट फिरू लागला. डबे चुकत नाहीत ही त्यांची ख्याती खरीच आहे, तिला या बिरुदाची गरज नाही.

"जॉब डिस्क्रिप्शन नाही." आहे की, डब्याच्या झाकणावर रंगवलेलं आहे. नेहमी नमुना म्हणून दाखवला जाणारा एक डबा घेऊ. मधोमध ठसठशीत ३. एका कडेला ९ ईएक्स १२. दुसरीकडे ई आणि व्हीएलपी. व्हीएलपी म्हणजे विलेपार्ले, डबा निघाला ते ठिकाण; ई म्हणजे तिथे घरोघरी डबे गोळा करणारा गडी. मधला ३ म्हणजे कुठे उतरवायचा. ९ म्हणजे तिकडे पोचवणारा, ईएक्स म्हणजे एक्सप्रेस टॉवर्स, १२ हा मजला. ग्राहकाचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. सकाळी विलेपार्ल्याच्या स्टेशनबाहेर डबे वेगळे करणाऱ्याची नजर फक्त मधल्या आकड्यावर जाते, बाकीचं त्याच्या कामाचं नाही. उतरल्यावर पोचवणारा फक्त कड बघतो. आणि दुपारी रिकामा डबा परत निघाला की तेच झाकण दुसऱ्या टोकाकडून वाचायचं: आधी व्हीएलपी, मग ई.

कुठल्या टप्प्यावर कुणाला किती कळायला हवं, आणि किती कळलं नाही तरी चालतं, हे आधी पक्कं झाल्याशिवाय असं झाकण रंगवता येत नाही. काम सोडवून, त्याचे तुकडे मांडून पाहणं म्हणतात ते हेच. ते इथे कुठल्या सल्लागाराने केलं नाही, काम करणाऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून केलं. सेवा सुरू झाली १८९० च्या सुमारास; आधी रंगीत दोरे बांधत, मग रंगाच्या खुणा आल्या. (आणि जी माणसं रोज अक्षरं-आकडे धावत्या नजरेने वाचतात, त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचं धाडस कुठून येतं, देव जाणे.)

ट्रेनिंगचंही तेच. नवा गडी सहाएक महिने जुन्याबरोबर उमेदवारी करतो, निभावला तरच त्याला गटात भागीदारी मिळते, आणि तीही पैसे भरून. किती कंपन्यांत सहा महिने हाताखाली घेऊन शिकवतात?

"मॅनेजर नाही." मुकादम आहे. वीस-पंचवीस जणांचा गट, त्याचा मुकादम अनुभवी माणूस. भांडणं तोच मिटवतो, वसुली, खुणा, चढउतार यांवर त्याचंच लक्ष, आणि हे सगळं करून तो स्वतः डबेही पोचवतो. कामावर पिऊन आला, टोपी घातली नाही, तर दंड आहे. गटातल्यांची कमाई जवळपास सारखी. साहेबाची केबिन नाही एवढं फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दिसलं आणि त्याने व्यवस्थाच नाही असं ठरवून टाकलं.

आता मुख्य मुद्दा, निष्ठा. मावळ, खेड, जुन्नर, अकोले अशा एकाच पट्ट्यातली माणसं, एकमेकांचे भाऊबंद, माळकरी. याचा उपयोग होतोच, नाही कोण म्हणतंय? गाववाल्याचं नाव खराब होऊ नये ही भीती कुठल्याही करारपत्रापेक्षा भारी. पण निष्ठावान माणसालाही ताप येतो, त्याचीही सायकल पंक्चर होते. लोकल मधल्या स्टेशनवर वीसेक सेकंद थांबते, मोठ्या स्टेशनवर चाळीसेक. तेवढ्यात डोक्यावरच्या जड पाट्या लगेजच्या डब्यात चढायला हव्यात. एक माणूस आला नाही आणि त्याचे तीस डबे फलाटावर राहिले, तर विठ्ठलाचं नाव घेऊन ते चर्चगेटला जात नाहीत.

जातात ते राखीव माणसामुळे. प्रत्येक गटात दोन-तीन जण जास्तीचे असतात. त्यांना ठरावीक घरं नाहीत. जिथे खिंडार पडेल तिथे ते उभे राहतात. आणि ते उभे राहू शकतात, कारण गोळा करणं, वेगळं करणं, चढवणं, पोचवणं, वसुली यांतलं बहुतेक सगळं गटातल्या बहुतेकांना येतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्यावर केस स्टडी केली, तीत ही गोष्ट ठळकपणे येते. फॉरवर्डमध्ये मात्र ती कधीच येत नाही. का येत नाही, हा माझा तर्क सांगतो: ती आली तर साहेबाला पुढचा प्रश्न विचारला जाईल, की आपल्याकडे दोघांचं काम एकाला लावलंय, त्यात राखीव कोण आहे?

आणखीही गोष्टी आहेत. जे घर डबा रोज उशिरा देतं, त्याला समज मिळते, आणि तरी सुधारणा नाही झाली तर ते गिऱ्हाईक सोडलं जातं. चैत्रात गावच्या जत्रांसाठी काही दिवस सेवाच बंद असते, आधी कळवून. गिऱ्हाईक सोडायची मुभा, सगळ्यांना एकदम सुट्टी, कमाई सारखी, माणसं दोन-तीन जास्तीची: हे मागून बघा तुमच्या ऑफिसात.

उरला निष्कर्ष: कामाचं विश्लेषण म्हणजे कागद. यात अर्धं तथ्य आहे, मान्य. पुष्कळ ऑफिसांत जॉब डिस्क्रिप्शन म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीतून उचललेला मजकूर, आणि शेवटी "वरिष्ठ सांगतील ती अन्य कामे". तो कागद फाडला तरी कुणाचं काही अडणार नाही. पण त्याला विश्लेषण म्हणायचं कारण नाही.

विश्लेषण म्हणजे काय, ते अहमदाबादला बघायला मिळालं. माणसं आणि त्यांच्या कामाची रचना यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ साली कॅलिको मिल्स या कापडगिरणीत गेले. नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण अपेक्षेइतका माल निघत नव्हता. शेडमध्ये माग २२४, कामाचे प्रकार १२. विणकराकडे तीसेक माग, बॉबिन भरणाऱ्याकडे पन्नासेक, ताण्याचे (उभे) तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे पंचाहत्तरेक. म्हणजे एकाच मागाशी संबंध येणारी माणसं, पण कुणाच्याच मागांची हद्द दुसऱ्याशी जुळत नाही. माग बंद पडला की तो नक्की कुणाचा? राइस यांनी सुचवलं, ठरावीक मागांचा संच एका छोट्या गटाकडे पूर्ण सोपवा. कामगारांनीच कल्पना उचलली आणि गट पाडले. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं. माणसं तीच, माग तेच.

ही घडी एकदा बसवली की कायमची बसते, असंही नाही. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० साली त्या गिरणीत परत गेले, तेव्हा एका शेडमध्ये गटपद्धत जवळपास तशीच टिकली होती. इतर ठिकाणी बाहेरची परिस्थिती बदलत गेली तशी ती विरली होती.

डबेवाल्यांवर आज तीच वेळ आहे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबाही थांबला. त्यानंतर कित्येक ऑफिसं आठवड्यातले दोन-तीन दिवसच भरतात. रोज, त्याच घरून, त्याच मजल्यावर, या तीन गोष्टी धरून सगळं गणित बसवलं होतं. सोमवारचा डबा बुधवारी नसेल तर एका माणसाने किती घरं धरायची, पैसे महिन्याचे घ्यायचे की डब्यागणिक, पाटी अर्धी रिकामी जाणार असेल तर दोन गटांनी मिळून न्यायची का, आणि राखीव माणसाचा वाटा कशातून काढायचा, हे सगळं नव्याने मांडावं लागणार आहे. निष्ठा तर २०१९ साली होती तेवढीच आजही आहे.