स्टॅफ जंतूंविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘पुण्यातील ४० टक्के लोकांच्या शरीरात औषधांना न जुमानणारा विषारी स्टॅफ जंतू आहे’ असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. स्टॅफ म्हणजे गळवांसारखे संसर्ग करू शकणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू. संदेशातील विधान चुकीचे असून त्यामुळे विनाकारण भीती पसरते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) या संस्थेच्या अहवालांतील ४० टक्क्यांच्या आसपासचा आकडा देशभरातील मोठ्या रुग्णालयांत आजारी व्यक्तींच्या पू, रक्त इत्यादी नमुन्यांत सापडलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियस जंतूंपैकी किती जंतू मेथिसिलिन गटातील (पेनिसिलिनच्या जातीच्या) अँटिबायोटिक औषधांना दाद देत नाहीत, हे सांगतो. तो लोकसंख्येचा आकडा नाही, आणि केवळ पुण्याचा तर नाहीच. साधा स्टॅफ जंतू सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात निरुपद्रवीपणे राहतो. त्यांतील प्रतिरोधक (औषधांना दाद न देणाऱ्या) जंतूंचे वाहक थोडेच असतात.

दुसरी गफलत अधिक गंभीर आहे: औषधांना न जुमानणारा जंतू विषारीच असतो, असे संदेशात गृहीत धरले आहे. हा औषधप्रतिरोध प्रामुख्याने मेकए या जनुकामुळे येतो, तर पांढऱ्या पेशी फोडणारे पीव्हीएल विष वेगळ्या जनुकांमुळे तयार होते, त्यामुळे प्रतिरोधक जंतू विषारी असेलच असे नाही आणि साध्या औषधांनी मरणारा जंतूही ते विष तयार करू शकतो. वारंवार गळवे होत असतील, तर मात्र डॉक्टरांकडून पुवाची कल्चर तपासणी (पुवातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) अवश्य करून घ्यावी. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये.