चुना लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मधुमेह आहे आणि तंबाखूही सुटत नाही? मग निदान वेळ तरी साधा. उपाशीपोटी भरलेला बार वाया जातो असं नाही, पण खरी मजा जेवणानंतर. भात झाला, वर दोन चमचे साखरेचा चहा झाला, की तास-दीड तासात रक्तातली साखर शिगेला पोचते. तोच मुहूर्त.

चुन्यात कंजुषी नको. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून झरझर रक्तात उतरतं. आजोबांना पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचा आकडा, ठाऊक नव्हता, पण तळहातावर अंगठ्याने मळताना ते तोच वाढवत होते. बार थुंकला म्हणजे निकोटिन गेलं असंही नाही. रक्तातलं निम्मं व्हायलाच साधारण दोन तास लागतात. तेवढ्यात पुढचा भरलात, की दिवसभर खंड नाही. धूर नाही म्हणून मशेरीवाल्या काकूंनीही नाराज होऊ नये. हा मान त्यांनाही आहे.

आता आतली कारागिरी बघा. हृदयाच्या रक्तवाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि त्यांना आतून अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं. ही पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, वाहिनी सैल पडते, रक्त मोकळं वाहतं. हा उलगडा करणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं. तुम्हाला ते उलट फिरवायचंय.

स्नायूला साखर भराभर आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागते. अस्तरपेशीचं दार मात्र सताड उघडं. पंगतीत आग्रहाला ‘पुरे’ म्हणता न येणाऱ्या पाहुण्यासारखी ती येईल तेवढी साखर घेत बसते. ती जाळताना सुपरऑक्साइडच्या, म्हणजे बिथरलेल्या ऑक्सिजनच्या, ठिणग्या उडतात आणि नायट्रिक ऑक्साइडलाच खाऊन टाकतात. मग हा वायू बनवणारं एन्झाइमही बिघडतं आणि स्वतःच सुपरऑक्साइड सोडू लागतं. म्हणजे आगीच्या बंबात पाण्याऐवजी रॉकेल.

ऐन या वेळी निकोटिन अ‍ॅड्रेनलिनला हाक मारतं. ठोके वाढतात, हृदयाला जास्त रक्त हवं असतं, आणि नळी मात्र आवळलेली. शिवाय अ‍ॅड्रेनलिन यकृताला साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर मोडतं. एका बारात दोन्ही कामं. चहातली साखर वाचली म्हणा ना. इकडे अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी त्याला डकतात, आत शिरतात आणि कोलेस्टेरॉल खाऊन फुगून तिथेच मुक्काम ठोकतात.

डॉक्टरांची काळजी नको. तपासणीआधी दोन दिवस गोड बंद ठेवा, उपाशीपोटीचा आकडा बरा येईल. फक्त एचबीएवनसी ही रक्ततपासणी टाळा; ती मेली मागच्या तीन महिन्यांचा हिशेब काढते.

आणि एखाद्या दुपारी जिना चढताना दम लागला, दरदरून घाम आला, पण छातीत कळ नाही, तर मुळीच घाबरू नका. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, झटका येतो तो दार न वाजवता. तुम्ही आपलं ‘पित्त झालंय’ म्हणायचं, थंड सोडा मागवायचा आणि सोडा येईपर्यंत डबी काढायची.