पानठेल्यावरचा व्ही-एट

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या धामणगाव रेल्वेकडच्या पानठेल्यावर, पूर्वी फक्त मोबाईलात दिसायच्या अशा गाड्याही कधीमधी दिसतात. परवा संध्याकाळी एक काळी बीएमडब्ल्यू एम-5 रस्ता चुकून इकडे आली. नवी, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन अन् बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. बॅटरीवर चालली होती, त्यामुळे रस्त्यात पसरलेलं कुत्रं काही उठेना. शेवटी हॉर्न द्यावा लागला. गाडी गेली अन् जुंपली.

"दोन कोटीची गाडी अन् आवाज टेबलफॅनचा?" दिनूभाऊ म्हणाले. अकरा वर्षं मुंबईत एका शेठची गाडी चालवून ते गावी परतलेले. हाताखाली मर्सिडीजची जुनी सी-63 एएमजी होती, 6.2 लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. "सेल मारला का पार्किंगमधल्या दुसऱ्या गाड्यायचे अलार्म वाजत. आता त्याच 63 मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर टाकलं. मंग नाव कायले ठेवलं 63?"

(नाव तेव्हाही पुरतं खरं नव्हतं. इंजिन 6,208 सीसीचं, बिल्ला 6.3चा. पण मी गप्प राहिलो. दिनूभाऊ चिडले की चहाचे पैसे देत नाहीत.)

पिंट्या मिस्त्री ट्रॅक्टर दुरुस्त करतो. पन्नीतला खर्रा घोटता घोटता तो म्हणाला, "दोन लिटर म्हून हासू नका, भाऊ. आपल्या 45 एचपीच्या ट्रॅक्टरात पावणेतीन लिटर हाय. थे लोक दोन लिटरातून 476 घोडे काढून रायले. मांगं 204 घोड्यायची बॅटरीवरची मोटर येगळी. मिळून 680!"

"ट्रॅक्टर दिवसभर रोटाव्हेटर ओढते बे. थे 680 किती वेळ?"

प्रश्न बिनतोड होता. मी मोबाईलात पाहून सांगितलं, सी-63ची बॅटरी 6.1 युनिटची. पाच एचपीचा पंप घंट्याला चारेक युनिट खातो. म्हणजे दीड घंट्याचं ओलित! ठेला हसला. पिंट्याचं म्हणणं, ती बॅटरी साठवायला नाहीच, पटकन द्यायला अन् ब्रेक मारला की परत घ्यायला आहे. "गाळात रुतलेल्या बंडीले पयला हिसका लागते न? मोटर थो उभ्या जागी देते. टर्बो हवा भरेपर्यंत वाट पाहाते."

हे मला पटलं. पण एम-5चं वजन पाहिलं अन् पुन्हा डोकं फिरलं. 2,435 किलो. चोवीस क्विंटलच्या वर! आधीच्या एम-5पेक्षा पाचेक क्विंटल जास्त. घोडे 600चे 727 झाले, तरी शून्य ते शंभरला आधी 3.4 सेकंद लागायचे, आता 3.5. वाढलेले 127 घोडे वाढलेलं ओझं ओढण्यातच खपले. अन् गंमत म्हणजे आत 4.4 लिटरचं व्ही-एट अजून आहेच.

"मंग बॅटरी कायले लादली?" गुरुजींनी विचारलं.

युरोपातल्या धुराच्या नियमामुळे. 2020 पासून तिथं कंपनीच्या नव्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास धरली, अन् वरच्या प्रत्येक ग्रॅमला गाडीमागे 95 युरो दंड. प्लग-इन, म्हणजे प्लग लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिड गाडीच्या चाचणीत भरलेल्या बॅटरीवर चाललेले किलोमीटरही हिशोबात येतात, म्हणून ही चोवीस क्विंटलची एम-5 2024 मध्ये आली तेव्हा कागदावर 100 किलोमीटरला दोन लिटरही पेट्रोल पीत नव्हती.

"मापात पाप," गुरुजी म्हणाले.

मला विचाराल तर ही बॅटरी आधी त्या नियमासाठी बसली, चालवणाऱ्याचा नंबर नंतर. सी-63नं निदान इंजिन तरी खरंच लहान केलं. दिनूभाऊंना तेही मान्य नव्हतं. "आत स्पीकरातून इंजिनचा आवाज सोडतेत लेकाचे. वाजंत्री उठवली अन् डीजे आणला!"

पिंट्या उत्तर देणार तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. थ्री फेज आली होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलेलं, म्हणून अर्धा खर्रा दिनूभाऊंच्या हातात कोंबून तो गाडीला किक मारू लागला.

"लाइनीचा काय भरोसा बे," दिनूभाऊ मागून ओरडले, "इंजिन ठेवत जाय वावरात!"

"हाय न डिझलवालं. ताडपत्रीखाली झाकून ठेवलं."