चालू आहे की बंद, एवढं तरी सांगा!

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात काचेवर आतून वाफ धरते आणि पुढचा ट्रक दिसेनासा होतो. उपाय सगळ्यांना माहीत आहे. आतलीच दमट हवा फिरवत बसायचं नाही, बाहेरची घ्यायची, एसी चालू ठेवायचा, झोत काचेवर सोडायचा. जुन्या गाडीत त्याला एक सरकणारा खटका होता. डावीकडे ढकलला की आतली हवा, उजवीकडे की बाहेरची. नुसतं चाचपलं तरी कळायचं, नजर रस्त्यावरून हलवायला लागायची नाही.

आता दहा-साडेदहा इंची स्क्रीन. तिच्यात क्लायमेटचं पान शोधा. त्या पानावर एक छोटीशी गाडी आणि तिच्या पोटात वळलेला बाण. रंग निळसर पांढरा. म्हणजे आतली हवा चालू आहे? की दाबली तर चालू होईल? दाबलं, तर पांढरट निळा झाला. अरे वा! या दोन रंगांतला फरक मी वळणावर, वायपर फटाफट फिरत असताना ओळखायचा?

शेजारच्या बटणावर लिहिलंय ‘एसी ऑफ’. आता ही बातमी आहे की हुकूम? एसी बंद आहे असं सांगतायत, की बंद करायचा तर इथे दाबा म्हणतायत? गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या मदतनीसाची, लेन असिस्टची, तर कमालच. तिथे ‘ऑफ’ हे चित्र पेटलं म्हणजे ती सोय बंद. दिवा लागला म्हणजे बंद! आणि राखाडी दिसलं तर ‘चालू नाही’ की ‘आत्ता चालूच करता येणार नाही’, हे देवाला ठाऊक.

त्यात स्क्रीन आळशी. बोट लावलं, काहीच हललं नाही. म्हणून पुन्हा लावलं. तेवढ्यात पहिलं बोट तिच्या ध्यानात आलं, मग दुसरं. चालू झालं, लगेच बंद झालं, आपण होतो तिथेच. ताशी ६० नं गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, हे ही बटणं आखणाऱ्याला कुणी सांगितलंय का? की तो एसी ऑफिसात, थांबलेल्या खुर्चीत बसून आखतो?

सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, “होईल सवय, सर.” डोंबल्याची सवय! स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकानं २०२२ मध्ये ताशी ११० वेगात चाचणी घेतली. चालकांना आधी गाडी नीट समजून घ्यायला वेळही दिला होता. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोत नेमून दिलेली चारही कामं १० सेकंदांत झाली. सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीत ४४.६ सेकंद लागले. तेवढ्यात ती गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेली.

गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी युरोपातली संस्था, युरो एनकॅप, आता २०२६ पासून म्हणतेय, पैकीच्या पैकी गुण हवेत तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएसला (मदत बोलावायच्या कॉलला) हाताला लागणारी बटणं द्या. छान. पण काचेवरची वाफ या यादीत नाही.

बरं, स्क्रीन काढा असं म्हणतच नाही. बटणांचे पैसे वाचवायचेत, वाचवा. पण बटणावर नाव फक्त त्या वस्तूचं लिहा, ‘एसी’, बस्स. चालू असेल तर भरलेलं, ठसठशीत, बंद असेल तर नुसती चौकट. रंग गॉगलमधून ओळखू आला नाही तरी आकारावरून कळलं पाहिजे. बोट लागल्या लागल्या टक् आवाज करा. यात कसलं रॉकेट सायन्स आहे?

परवा अपडेट आलं. पाऊण तास गाडी उभी ठेवून घेतलं. निळसर पांढरं गेलं. आता फिकट नारिंगी आणि गडद नारिंगी आहे.