‘जवळच आहे’ म्हणणाऱ्याच्या हातात आधी फावडं द्या

यापुढे स्कीइंगचा बेत ठरवताना कुणी ‘अरे, जवळच आहे’ म्हणालं ना, तर त्याच्या हातात फावडं देऊन त्याला थेट घाटात उभं करणार आहे मी. डोकं फिरलंय नुसतं!

जवळ म्हणजे काय रे? फोनवर दोन बोटांनी नकाशा ताणला, वीतभर अंतर दिसलं, झालं जवळ? आमच्यापुढे दोन जागा होत्या. एक पन्नास किलोमीटर जास्त लांब, पण रस्ता मोठा, दरीतून जाणारा, बर्फ हटवणाऱ्या गाड्या रात्रभर फिरत असतात असा. दुसरी ‘जवळची’. तिचे शेवटचे वीस किलोमीटर म्हणजे नागमोडी वळणांचा अरुंद चढ, अर्धा भाग डोंगराच्या सावलीत, तिथला बर्फ दुपारीसुद्धा वितळत नाही. मी तीनदा सांगितलं की किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. पण मी म्हणजे ग्रुपमधली कटकट! ते वीस किलोमीटर उन्हाळ्यात अर्ध्या तासाचे. आम्हाला चार तास लागले.

आणि एवढं करून ती जागा तरी धड निवडावी? ‘दोन मीटर बर्फ आहे, रिपोर्ट बघ!’ अरे, तो आकडा डोंगराच्या माथ्यावरचा असतो! पायथ्याला अर्धा चिखल होता. डोंगरावर नेणाऱ्या किती लिफ्ट चालू आहेत आणि वारा किती आहे हे बघायचं असतं, ते कुणी बघितलंच नाही. जोराचा वारा सुटला की वरच्या लिफ्ट आधी बंद करतात. तशाच केल्या. उतार किती अवघड ते सांगणाऱ्या रंगांचंही तेच. निळा म्हणजे सगळीकडे सारखाच सोपा नसतो, ते रंग त्या त्या डोंगराच्या हिशेबाने ठरतात. आमच्यातल्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा स्की पायात घातल्या होत्या. त्यांना एकदम तसल्या निळ्यावर सोडलं, आणि मग पूर्ण दुपार त्यांना उचलण्यात गेली.

पण खरा संताप गाडीचा आहे.

‘फोर व्हील ड्राइव्ह आहे, टेन्शन नको.’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मला एकदा भेटायचंय. चारही चाकांना ताकद मिळते ती निघायला, चढायला. थांबायला नाही! ब्रेक तर गल्लीतल्या सगळ्यात लहान गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबवतो तो टायर. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. एवढंच विज्ञान आहे, यापेक्षा जास्त नाही. टायरच्या बाजूला तीन शिखरं आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर तपासलेला. नुसतं ‘एम प्लस एस’ (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीने आपल्याआपण लावलेलं बिरूद. आणि चिन्ह असूनही खाचा चार मिलिमीटरच्या खाली झिजल्या असतील तर बर्फात त्याचा फारसा भरवसा नाही. नवा टायर साधारण आठचा असतो. आमच्या चालकसाहेबांचे किती होते? हात फिरवला तर टक्कल!

तरी आम्ही एकटेच शहाणे नव्हतो. पुढच्या वळणावर एक गाडी आडवी झालेली, तिच्यामुळे सगळा घाट तुंबलेला. गृहस्थ बर्फात घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या चेनचं न उघडलेलं खोकं घेऊन बर्फात गुडघ्यांवर बसलेले, हातमोजे नाहीत, सूचनांचा कागद वाऱ्याने पळतोय. घरी, उजेडात, कोरड्या जमिनीवर एकदा चढवून बघायला काय होतं? शेवटी चढवल्या, तर मागच्या चाकांना. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी! मागून हॉर्न वाजवणारे पन्नास जण, खाली उतरून मदत करणारे दोन.

मग आमची काच. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा, समोरच्या गाड्यांनी उडवलेला चिखल काचेवर थापला जातोय, आणि फवारा मारला तर काही येईना. का? टाकीत साधं पाणी भरलेलं. गोठलं. मी खिडकीतून अर्धा बाहेर लटकून बाटलीने काच धूत होते, हे माझ्या सुट्टीचं वर्णन!

गाड्या उभ्या, इंजिन चालू, बाहेर बर्फ पडतोय. मी दर पंधरा मिनिटांनी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत होते. आत बसलेले हसत होते, ‘हिला स्वस्थ बसवत नाही.’ सायलेन्सर बर्फात बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, त्यामुळे हसता हसताच झोप लागते, एवढं सांगितल्यावर सगळे गप्प झाले. खिडकी मात्र कुणी उघडली नाही, थंडी वाजते म्हणे.

परतीचं विचारूच नका. छपरावरचा बर्फ झाडायचा आळस, म्हणून पहिल्याच ब्रेकला तो अख्खा थर घसरून समोरच्या काचेवर. आणि पूर्ण उतार ब्रेक दाबून. खालचा गिअर टाक, खालचा गिअर टाक, असं सांगून माझा घसा बसला. खाली पोचेपर्यंत करपल्याचा वास येत होता.

काल रात्री त्याच माणसाचा मेसेज आला : ‘पुढच्या शनिवारी? याहून जवळची सापडलीय!’ मी लिहिलं, आधी टायरचा फोटो पाठव.

त्याने डिकीवरच्या ‘फोर बाय फोर’ अक्षरांचा फोटो पाठवला.